शिकाऊ हातांनी बसवलेले दात : हिशेब कोणाकडे?

विशेष प्रतिनिधी, पनवेल

नेरूळहून पनवेलकडे निघालेली हार्बर मार्गावरची लोकल अर्ध्या तासाच्या आत पाच दंत महाविद्यालयांच्या परिसरातून जाते. नेरूळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, सीबीडी बेलापूरला भारती विद्यापीठ, खारघरला येरळा मेडिकल ट्रस्ट आणि कामोठ्याला एमजीएम. यांपैकी शेवटची दोन पनवेल महापालिकेच्या हद्दीत येतात. एवढ्या छोट्या पट्ट्यात दंतवैद्यकाचे शिक्षण देणाऱ्या इतक्या संस्था असणे ही रायगड-नवी मुंबईतल्या सामान्य माणसाच्या दृष्टीने मोठीच सोय आहे. उरण, पेण, खालापूर, कर्जत या भागांतल्या माणसाला दाढ काढायची असो वा कवळी बसवायची असो, मुंबई गाठण्याची गरज उरलेली नाही. अलीकडे त्यात इम्प्लांटची चौकशी करणाऱ्यांची भर पडली आहे. खासगी दवाखान्यात एका दातासाठी सांगितलेला आकडा ऐकून माघारी फिरलेला माणूस महाविद्यालयाची वाट धरतो. तिथे खर्च कमी असतो, कारण शस्त्रक्रिया करणारा हात बहुधा शिकणाऱ्याचा असतो.

शिकणाऱ्याकडून उपचार करून घेण्यात गैर काहीच नाही. मुंबई सेंट्रलचे नायर दंत महाविद्यालय आणि फोर्टातले शासकीय दंत महाविद्यालय येथे मुंबईकरांच्या कित्येक पिढ्यांचे दात विद्यार्थ्यांनीच काढले, भरले आणि बसवले. आज ज्यांच्या दवाखान्यात आठ-आठ दिवस वेळ मिळत नाही, ते दंतवैद्यही कधी तरी कोणाच्या तरी तोंडात थरथरत्या हाताने ड्रिल धरूनच शिकले आहेत. परंतु भरलेली दाढ आणि इम्प्लांट यांत फरक आहे. दाढेतले सिमेंट निघाले तर पुन्हा भरता येते. इम्प्लांट निकामी झाले तर त्याच्याबरोबर भोवतालचे हाडही जाते आणि दुसऱ्या प्रयत्नाला जागा कमी उरते. शिवाय ते निकामी होत आहे हे कळायला कधी महिने, तर कधी वर्षे लागतात. त्यामुळेच 'विद्यार्थ्यांनी बसवलेली इम्प्लांट कितपत यशस्वी होतात?' या साध्या प्रश्नाला साधे उत्तर मिळत नाही. ते का मिळत नाही, याची कारणे शोधू लागले की शस्त्रक्रियेपेक्षा नोंदवहीचाच संबंध अधिक निघतो.

स्क्रू आणि हाड

इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा, साधारण सेंटिमीटरभर लांबीचा स्क्रू. जबड्याच्या हाडात छिद्र पाडून तो बसवतात. हाडाने त्याला घट्ट धरले की वर जोडभाग आणि त्यावर कॅप चढते. हाड टायटॅनियमशी एकजीव होते, हा शोध स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांना १९५० च्या दशकात सशांच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करताना लागला. हाडात बसवलेली टायटॅनियमची उपकरणे त्यांना पुन्हा काढता येईनात. १९६५ मध्ये त्यांनी योस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात इम्प्लांट बसवली. लार्सन २००६ मध्ये वारले, तोवर त्यांनी चाळीस वर्षे ती वापरली.

ही गोष्ट इम्प्लांटच्या जाहिरातींत हमखास सांगितली जाते. तिचा दुसरा अर्धा भाग मात्र सांगितला जात नाही. ब्रोनेमार्क यांच्यावर दंतवैद्यक जगाचा बराच काळ विश्वास नव्हता. तो बसला १९८२ च्या टोरांटो परिषदेनंतर, आणि त्याचे कारण त्यांच्या गटाने वर्षानुवर्षे रुग्णांना परत बोलावून केलेली तपासणी हे होते. १९८१ मध्ये या गटाने पंधरा वर्षांच्या पाठपुराव्याचा अहवाल प्रसिद्ध केला होता. कोणाचे इम्प्लांट टिकले, कोणाचे गेले, किती हाड झिजले, याचा हिशेब त्यात होता. इम्प्लांट ही उपचारपद्धती म्हणून उभी राहिली ती या हिशेबावर.

या हिशेबाचीही परिभाषा आहे आणि ती रुग्णाने जाणून घेण्यासारखी आहे. इम्प्लांट तोंडात असणे म्हणजे ते 'टिकले'. ते 'यशस्वी' ठरण्यासाठीचे निकष टोमास आल्ब्रेक्टसन व सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये मांडले. इम्प्लांट हलता कामा नये. एक्स-रेमध्ये त्याच्याभोवती काळी रेघ दिसता कामा नये. वेदना, संसर्ग, बधिरपणा असता कामा नये. आणि पहिल्या वर्षानंतर हाडाची झीज वर्षाला ०.२ मिलिमीटरपेक्षा कमी असावी. हे निकष पाळून पाच वर्षांनी किमान ८५ टक्के आणि दहा वर्षांनी किमान ८० टक्के यश मिळाले, तर ती पद्धत स्वीकारार्ह मानावी, असे त्यांनी सुचवले. पुढे तंत्र सुधारले. जगभरातले अभ्यास एकत्र पाहिले तर दहा वर्षांनंतर १०० पैकी साधारण ९५ इम्प्लांट जागेवर असतात. मात्र २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार इम्प्लांट असलेल्या रुग्णांपैकी सुमारे २२ टक्क्यांना इम्प्लांटभोवतीचे हाड झिजवणारा संसर्ग, म्हणजे पेरि-इम्प्लांटायटिस, झालेला आढळतो. ९५ आणि २२ हे दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात. दवाखान्याच्या फलकावर त्यांपैकी पहिलाच येतो.

पहिली नऊ प्रकरणे

आता शिकाऊ हातांकडे येऊ. या विषयावर वारंवार उद्धृत होणारा अभ्यास अमेरिकेतला, तेथील माजी सैनिकांच्या रुग्णालयांशी संलग्न संशोधन गटाचा आहे. १९९७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ५० पेक्षा कमी इम्प्लांट बसवलेल्या शल्यविशारदांच्या हातून होणारे अपयश ५० किंवा त्याहून अधिक बसवलेल्यांच्या जवळपास दुप्पट असल्याचे त्यात दिसले. त्याहून बोलका तपशील असा, की सर्वांत ठळक फरक पहिल्या नऊ प्रकरणांत होता. त्यानंतर आलेख खाली येतो. २०१७ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले, तेव्हाही ५० च्या आतला अनुभव असणाऱ्यांच्या हातून अपयशाची शक्यता दुपटीहून थोडी अधिक दिसली. डॉक्टर कोणत्या शाखेचा तज्ज्ञ आहे याने मात्र लक्षणीय फरक पडला नाही. दारावरच्या पाटीपेक्षा हातून गेलेल्या इम्प्लांटची संख्या महत्त्वाची ठरली.

'दुप्पट' या शब्दाने घाबरून जाण्याचे कारण नाही. मुळातले प्रमाण लहान असल्याने दुप्पट होऊनही ते शंभरात पाच-सहाच्या घरात राहते. परदेशातील अनेक दंत महाविद्यालयांनी आपल्या निवासी डॉक्टरांचे निकाल प्रसिद्ध केले आहेत आणि अध्यापकांच्या देखरेखीखाली टिकण्याचे प्रमाण ९० टक्क्यांच्या वरच दिसते. चिंतेची बाब वेगळी आहे. आपल्याकडे दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या नऊ शाखा आहेत आणि त्यांत इम्प्लांटची स्वतंत्र शाखा नाही. मुख व जबडा शल्यचिकित्सा, कृत्रिम दंतशास्त्र आणि हिरड्यांचे विकार पाहणारी शाखा अशा तिन्ही विभागांतले विद्यार्थी इम्प्लांट बसवायला शिकतात. साहजिकच महाविद्यालयात येणारे रुग्ण तीन विभागांत आणि पुढे त्यातल्या प्रत्येक विद्यार्थ्यात वाटले जातात. समजा, एखाद्या विद्यार्थ्याच्या वाट्याला तीन वर्षांत आठ-दहा रुग्ण आले, तर त्याची सगळी उमेदवारी त्या 'पहिल्या नऊ प्रकरणां'तच संपते. आलेख खाली येण्याची वेळ तो स्वतःचा दवाखाना थाटतो तेव्हा सुरू होते. तेव्हा शेजारी अध्यापक नसतो.

येथे खासगी क्षेत्राविषयीही बोलले पाहिजे, नाही तर महाविद्यालयांवर अन्याय होईल. बीडीएस झालेल्या कोणत्याही नोंदणीकृत दंतवैद्याला आपल्याकडे इम्प्लांट बसवता येते. त्यासाठी वेगळा परवाना नाही. शनिवार-रविवारच्या शिबिरांत, कधी कंपन्यांच्या सौजन्याने, तंत्र शिकून सोमवारी रुग्णावर हात चालवणारेही आहेत. अशा दवाखान्यात रुग्णाला आपला डॉक्टर शिकाऊ आहे याचा पत्ताही नसतो. महाविद्यालयात निदान तो उघड असतो, निर्जंतुकीकरणाची व्यवस्था असते आणि अडचण आली तर हाक मारल्यावर कोणी तरी येते. देखरेखीखालचा विद्यार्थी की देखरेख नसलेला नवखा, अशी निवड करायची झाली तर प्रस्तुत प्रतिनिधी पहिल्याचीच खुर्ची पसंत करेल.

नवख्याच्या हातून नेमके काय चुकते? एक तर उष्णता. हाडाचे तापमान मिनिटभर ४७ अंश सेल्सिअसवर गेले तरी पेशींना इजा होते, हे १९८० च्या दशकातल्या प्रयोगांनी दाखवले आहे. बोथट ड्रिल, जादा दाब किंवा सलाइनची अपुरी धार असली की हाड भाजते आणि स्क्रूला धरत नाही. दुसरे म्हणजे छिद्र गरजेपेक्षा मोठे होणे. मग स्क्रू पहिल्या दिवसापासूनच सैल बसतो. या दोन चुका लवकर उघडकीस येतात. तीन-चार महिन्यांत इम्प्लांट हलू लागते, ते काढावे लागते, आणि विद्यार्थी त्यातून शिकतो.

तिसरी चूक मात्र लबाड असते. ती म्हणजे जागा आणि कोन. शेजारच्या दातापासून साधारण दीड मिलिमीटर, दोन इम्प्लांटमध्ये तीन मिलिमीटर, खालच्या ओठाला संवेदना देणाऱ्या नसेपासून किमान दोन मिलिमीटर अंतर राखावे, असा दंडक आहे. नसेला धक्का लागला तर ओठ बधिर होतो आणि ते लगेच समजते. पण स्क्रू थोडा तिरका गेला, शेजारच्या दाताच्या जास्त जवळ गेला, तर हाड त्यालाही तितक्याच घट्ट धरते. एक्स-रेत सारे आलबेल दिसते आणि नोंदीत 'यशस्वी' असा शेरा पडतो. पुढे कॅप बसवणाऱ्या विभागाला ती वेडीवाकडी करावी लागते, तिच्याखाली अन्न अडकते, ब्रश पोहोचत नाही, हिरडी सुजते आणि चार-पाच वर्षांनी हाड झिजू लागते. कॅप चिकटवताना हिरडीखाली राहिलेले सिमेंटही असाच उशिरा त्रास देते. या चुकांचा धडा विद्यार्थ्याला मिळत नाही, कारण तोवर तो तिथे नसतो.

तीन वर्षांचा विद्यार्थी, पाच वर्षांचा निकाल

एमडीएसचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे. पहिले वर्ष पायाभूत विषय, लहान शस्त्रक्रिया आणि वरिष्ठांना मदत करण्यात जाते. दुसऱ्या वर्षी विद्यार्थ्याच्या हाती इम्प्लांट येऊ लागले, तर पारंपरिक पद्धतीने खालच्या जबड्यात तीन-चार महिने आणि वरच्या जबड्यात सहा महिन्यांपर्यंत हाड भरण्याची वाट पाहायची, मग कॅप बसवायची, तोवर परीक्षा दारात आलेली असते. प्रबंधासाठी इम्प्लांटचा विषय घेतला तरी निरीक्षणाला मिळणारा काळ महिन्यांतच मोजावा लागतो. आल्ब्रेक्टसन यांचा निकष पाच वर्षांचा, आणि विद्यार्थी तीन वर्षांचा. हा हिशेब कोणत्याही एका विद्यार्थ्याच्या वहीत बसूच शकत नाही. तो संस्थेनेच ठेवायला हवा.

संस्थेने तो ठेवायचा ठरवला तरी आकडेमोडीत दोन खाचखळगे आहेत. पहिला, न परतणारा रुग्ण. समजा, एखाद्या महाविद्यालयात २०० इम्प्लांट बसवली गेली. पाच वर्षांनी १२० च तपासणीला आली आणि त्यांतली ११४ चांगली निघाली. यश ९५ टक्के, असे म्हणता येईल; आणि २०० पैकी ११४ चांगली असल्याची खात्री आहे, म्हणजे ५७ टक्के, असेही म्हणता येईल. उरलेल्या ८० चे काय झाले? काही रुग्ण समाधानी असल्यामुळे आले नसतील. काहींनी इम्प्लांट पडल्यावर रागाने पाठ फिरवली असेल. पनवेलसारख्या भागात तर घरेच बदलतात. आज कामोठ्यात भाड्याने राहणारे कुटुंब पाच वर्षांनी तळोजा, बदलापूर किंवा थेट गावी साताऱ्याला गेलेले असू शकते आणि त्याच्याबरोबर मोबाइल क्रमांकही बदललेला असतो.

दुसरा खळगा लहान संख्येचा. 'माझी तीसच्या तीस इम्प्लांट टिकली,' असे एखादा नवा डॉक्टर अभिमानाने सांगतो आणि तो खोटे बोलत नसतो. पण संख्याशास्त्राचा एक साधा ठोकताळा आहे : ३० पैकी एकही निकामी झाले नसेल, तरी खरा अपयशदर १० टक्क्यांपर्यंत असू शकतो. शिवाय एकाच रुग्णाच्या तोंडात सहा इम्प्लांट असतील तर ती सहा स्वतंत्र साक्षी ठरत नाहीत. त्याचे हाड, त्याचा मधुमेह, त्याचे ब्रश करणे सगळ्यांना समान असते. म्हणून विद्यार्थ्यागणिक यशाची टक्केवारी काढणे फारसे अर्थपूर्ण नाही. विभागाची पाच-दहा वर्षांची एकत्रित नोंदच काही सांगू शकते.

हे अशक्य आहे का? स्वीडनमध्ये २००३ साली इम्प्लांट बसवलेल्या रुग्णांची निवड संशोधकांनी राष्ट्रीय विमा यंत्रणेच्या नोंदींमधून केली आणि नऊ वर्षांनी त्यांतल्या शेकडो जणांना प्रत्यक्ष तपासले. रुग्ण कोणत्या दवाखान्यातला, डॉक्टर तज्ज्ञ की सर्वसाधारण, हे सारे नोंदीत होते. ते शक्य झाले कारण पैसे देणाऱ्या यंत्रणेने नोंदी ठेवल्या होत्या. त्याच देशात कृत्रिम खुब्याच्या सांध्यांची राष्ट्रीय नोंदवही १९७९ पासून आहे. आपल्याकडे दातांचा खर्च सर्वसाधारण आरोग्यविम्यातून बहुतेक वेळा वगळलेला असतो, माणूस तो खिशातून करतो. तिसऱ्या कोणाला हिशेब ठेवण्याची गरज पडत नाही, आणि म्हणून तो राहत नाही.

हाड, मधुमेह आणि मिश्री

अपयशाचे सारे खापर शिकाऊ हातांवर फोडणेही बरोबर नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरतात. त्यात धूम्रपान करणारे थोडे, ३.८ टक्के, तंबाखू चघळणारे, मळणारे, दातांना लावणारे २४.४ टक्के. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी तो कुठे मिळतो हे पनवेल स्थानकाबाहेर कोणालाही विचारावे. धूम्रपानाने इम्प्लांट निकामी होण्याची शक्यता सुमारे दुप्पट होते, असे परदेशी अभ्यास सांगतात. आपला खरा प्रश्न मात्र मिश्रीचा आणि सुपारीचा आहे. सुपारीने तोंडाच्या आतली त्वचा कडक होऊन तोंड पुरेसे उघडेनासे होते; दाढेच्या जागी ड्रिल सरळ उभा धरायलाच जागा उरत नाही. सराईत हातालाही अवघड जाणारे हे काम शिकाऊने पहिल्या दहांत घेऊ नये.

रुग्णाची निवड हाच म्हणूनच देखरेखीचा पहिला टप्पा आहे. नवख्याला द्यावा तो रुग्ण भरपूर हाड असलेला, तंबाखू न खाणारा, मधुमेह नसलेला किंवा आटोक्यात असलेला, एकच दात गेलेला. पण महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात असा रुग्ण सर्वांत कमी येतो. कमी खर्चासाठी येणारा माणूस दात पडून वर्षे उलटल्यावर येतो, तोवर हाड बसलेले असते. शिकाऊला सोपा रुग्ण हवा आणि त्याच्या दारात उभा राहतो तो अवघड, असा हा पेच आहे. चांगला अध्यापक अशा वेळी 'इम्प्लांट नको, ब्रिज किंवा कवळी करू' असे म्हणतो. विद्यार्थ्याची प्रकरणांची यादी भरायची घाई असताना हे म्हणणे सोपे नसते. अध्यापक खुर्चीशेजारी उभा आहे की केवळ विभागात उपस्थित आहे, यानेही बरेच काही ठरते. जागा आखताना, पहिला ड्रिल घालताना आणि स्क्रूची पकड मोजताना तो शेजारी हवा. उरलेला वेळ तो चहाला गेला तरी चालेल.

रुग्णाचा अधिकार कागदावर

कायदा या बाबतीत पुरेसा स्पष्ट आहे. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली. सर्वांना पूर्णपणे मोफत सेवा देणारे रुग्णालय तेवढे त्यातून वगळले. काहींकडून पैसे घेऊन काहींना मोफत सेवा दिली तर मोफत रुग्णालाही दाद मागता येते. इम्प्लांटसाठी, सवलतीत का होईना, पैसे घेणाऱ्या महाविद्यालयाला 'आम्ही तर शिकवणारी संस्था' हा बचाव उपयोगी पडणार नाही. 'नवखा होता, म्हणून चुकला' हाही नाही. इंग्लंडमधील अपील न्यायालयाने विल्शर खटल्यात १९८० च्या दशकातच सांगितले होते, की कनिष्ठ डॉक्टरचा अननुभव काळजीचा दर्जा खाली आणत नाही. शंका आली तर वरिष्ठाला विचारणे हेच त्याचे कर्तव्य.

संमतीबाबत २००८ चा समीरा कोहली खटल्याचा निकाल आहे. उपचाराचे स्वरूप, फायदे, धोके, पर्याय आणि उपचार न घेतल्यास होणारे परिणाम सांगितल्याशिवाय घेतलेली सही ही संमती नव्हे, असे त्यात ठरले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत तर आपल्यावर उपचार करणारी व्यक्ती कोण, तिचा व्यावसायिक दर्जा काय आणि मुख्य जबाबदारी कोणत्या डॉक्टरची, हे जाणण्याचा अधिकार शब्दांत लिहिलेला आहे. पांढरा कोट घातलेले सगळेच 'डॉक्टर' असतात तिथे, समोरचा पहिल्या वर्षाचा की तिसऱ्या, आणि त्याची सही कोण तपासणार, हे विचारायला रुग्ण संकोचतो. त्याने संकोचू नये, यापेक्षा त्याला विचारावेच लागू नये, हे अधिक बरे.

आणखी एक विसंगती. ग्राहक आयोगात तक्रार करण्याची मुदत २०१९ च्या कायद्यानुसार कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे. वैद्यकीय व्यावसायिकांच्या २००२ च्या आचारसंहितेत नोंदी तीन वर्षे जपण्याचे बंधन आहे, तेही आंतररुग्णांच्या. इम्प्लांटचा रुग्ण खुर्चीवरून उठून घरी जातो; तो आंतररुग्ण नसतोच. हाड चौथ्या-पाचव्या वर्षी झिजू लागले तर तक्रारीसाठी मुदतीचा वाद आणि उपचारासाठी कागदाचा शोध, अशा दोन्ही आघाड्या रुग्णाला एकट्याने लढवाव्या लागतात.

नोंदवही कोण उघडणार?

संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोग कायदा मंजूर केला. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याखालील दंत परिषदेच्या जागी नवी रचना आणणाऱ्या या कायद्यात महाविद्यालयांचे मूल्यांकन व मानांकन करणाऱ्या स्वतंत्र मंडळाची तरतूद आहे. मूल्यांकन म्हटले की खुर्च्या, खोल्या आणि अध्यापकांची हजेरी मोजली जाते. त्यात एकच ओळ वाढवता येण्यासारखी आहे : पाच वर्षांपूर्वी बसवलेल्या इम्प्लांटपैकी किती तपासणीसाठी परत आणली? यशाची टक्केवारी विचारू नये. ती विचारली की सजवली जाते आणि अवघड रुग्ण दारातूनच परत पाठवले जातात. पाठपुराव्याची टक्केवारी विचारली, तर संस्थेला रुग्णांना फोन करावाच लागेल. नेरूळ ते पनवेल या पाच संस्थांनी मिळून एक नमुना ठरवला आणि वर्षाला एका ठरावीक महिन्यात जुन्या रुग्णांची मोफत तपासणी ठेवली, तरी सुरुवात होऊ शकते. त्यासाठी आयोगाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. नव्या विद्यार्थ्यांनाही पूर्वीच्या तुकडीने बसवलेली तिरकी इम्प्लांट पाहायला मिळतील, आणि त्या पाहण्यातून ते जे शिकतील ते व्याख्यानात मिळणारे नाही.

तोवर रुग्णाने करण्यासारखी गोष्ट छोटी आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात सर्वच वैद्यकीय उपकरणे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली आहेत आणि इम्प्लांट हे त्यांपैकी एक. प्रत्येक इम्प्लांटच्या वेष्टनावर कंपनी, आकार आणि तुकडी क्रमांक छापलेली चिकटपट्टी असते. ती सहसा रुग्णाच्या फाइलमध्ये लावली जाते. बाजारात स्वीडिश, स्विस, कोरियन, इस्रायली आणि भारतीय कंपन्यांची इम्प्लांट आहेत. एकाचा जोडभाग दुसऱ्याला बसत नाही, कित्येकदा स्क्रू काढायचे पानेही वेगळे असते. सहा वर्षांनी कॅप सैल झाली आणि कोणत्या कंपनीचे इम्प्लांट हेच कळले नाही, तर कॅप घट्ट करण्याच्या दहा मिनिटांच्या कामासाठी चांगले इम्प्लांट काढण्याची पाळी येऊ शकते. त्या चिकटपट्टीचा मोबाइलवर फोटो काढून घ्यावा, आणि त्याखाली शस्त्रक्रियेची तारीख, कोणत्या क्रमांकाचा दात, विद्यार्थ्याचे नाव आणि देखरेख करणाऱ्या अध्यापकाचे नाव लिहून घ्यावे. विद्यार्थी तीन वर्षांनी जाईल. अध्यापक बहुधा तिथेच सापडतील.